जावेच्या घरातलं मशीन

"मग काय मी त्या मशीनवर जाऊन बसलोय का? हात तरी लावलाय का कधी त्याला?" अविराजनं चहाची बशी ओट्यावर आदळली.

"तुम्ही लावलाय असं कोण म्हणतंय? मी एवढंच म्हणते, भाऊजींशी बोला. दुपारी त्यांना दार उघडं ठेवायला सांगा. नेट जातं दुपारी आणि मला आत जायला मिळतं संध्याकाळी. संध्याकाळी बघावं तर मशीन आपलं ठणठणीत."

"ठणठणीत हाय तर भांडतीस कशाला?"

"दुपारी नसतं म्हणून!"

"मग मोबाइलवर कर."

"ह्या उसात मोबाइलला रेंज आहे का? बांधावर जाऊन उभं राहावं लागतं. बांधावर उभी राहून नोकरी करू?"

"लोक करत्यात."

"कोण करतं? एकाचं नाव सांगा."

अविराजनं नाव सांगितलं नाही. त्यानं खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला, दाराआडचं फावडं उचललं आणि "दिवसाची लाईट हाय, दारं धरायचीत मला," एवढं बोलून तो पाणी द्यायला उसाकडं निघून गेला. भांडण अर्ध्यावर टाकून शेतात जायची सोय फक्त पुरुषांना असते. राजेश्वरीनं बशी उचलली, कपची उडाली का बघितलं, आणि विसळून ठेवली.

दुपारी बाराला तिची ड्यूटी सुरू व्हायची. आतल्या खोलीत, धान्याच्या कणगीशेजारी टेबल टाकून तिनं तिचं ऑफिस केलं होतं. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती सर्व्हर सांभाळायची. कुठल्या तरी गावचं हॉस्पिटल, कुठल्या तरी शहरातली दुकानांची साखळी, त्यांची मशीनं नीट चालली आहेत का ते सणसरच्या वस्तीवर बसून बघायचं, एखादं बंद पडलं तर इथूनच आत शिरून ते चालू करायचं. काम तिला आवडायचं. पण गेल्या महिन्याभरात तिचं स्वतःचंच नेट दुपारचं गुल व्हायला लागलं होतं. रोज नाही. काही दिवस सुरळीत, मग सलग दोनतीन दिवस दुपारभर काहीच नाही, मग पुन्हा सुरळीत.

"राजेश्वरी, मला तुझं काम माहितेय," तिची वरिष्ठ रश्मी गेल्या आठवड्यात म्हणाली होती, "पण वरचे लोक काम बघत नाहीत. ते नेट गेल्यावर तुझ्या नावापुढं येणारा लाल ठिपका बघतात. आता आणखी एकदा ड्यूटीत लाल झालीस ना, तर मला काही करता येणार नाही. एक तर पुण्याला ऑफिसात यायचं, नाहीतर..." पुढचं तिनं भिडेखातर गिळलं.

पुण्याला जायचं म्हणजे काय, ते राजेश्वरीनं एकदा घरात बोलून बघितलं होतं. "जा की," अविराज म्हणाला होता, "मी तिथं गॅलरीत ऊस लावतो." विषय तिथंच संपला.

इंदापूरला सोलापूर रस्त्याच्या कडेला तिच्या वडलांचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वॉर्निश लावायचं. शाळेतून आली की ती तिथंच पोत्यावर बसून अभ्यास करायची. वडील एखादी मोटार पुढ्यात ओढून विचारायचे, "सांग, हिचं काय दुखतंय?" ती सांगायची, आणि चुकली तर ते म्हणायचे, "आधी वीज कुठवर येती ते बघ. मोटारीला नंतर बोल लाव." बारामतीला डिप्लोमा झाला, तिथल्याच एका ऑफिसात नोकरी लागली. ओढणी कमरेला खोचून, शिडीवर चढून छताच्या वरनं वायरी ओढायची. बघायला आलेल्या मंडळींत अविराजचा थोरला भाऊ विजयसिंह होता. तो म्हणाला, "करू द्या की नोकरी. आमाला काय, चार पैसं घरातच येणार." ते ऐकून वडलांनी होकार दिला. लेक झाली तेव्हा बारामतीची ये-जा झेपेना, नोकरी सुटली. मग लॉकडाऊनमध्ये सगळ्या जगानं घरी बसून काम करायला घेतलं, आणि घरी बसलेल्या राजेश्वरीला काम मिळालं. तिच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिच्या मनासारखी आणि वेळेवर झाली होती.

नंतर दोन वर्षांनी भावाभावांची वाटणी झाली. पुढची ओसरी आणि जुनं घर विजयसिंहाकडं, मागच्या दोन स्लॅबच्या खोल्या अविराजकडं. आई, जयवंताबाई, थोरल्याकडं. विहीर निम्मी निम्मी, पाण्याच्या पाळ्या ठरवून. पंचांनी भांडी मोजली, फवारणीचा पंप मोजला, दारातलं शेवग्याचं झाड कुणाचं यावर अर्धा दिवस घालवला. नेटचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. खांबावरून येणारी वायर विजयसिंहाच्या भिंतीवरच्या डब्यात उतरायची आणि तिथंच, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, राजेश्वरीचं मशीन उभं होतं. ते तिथंच राहिलं.

मशीन म्हणजे बारामतीच्या ऑफिसानं काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर. तिनं तो आणला, त्यात दोन नेटवर्क कार्डं बसवली आणि त्याचा सर्व्हर केला. एका कार्डात बाहेरून येणारी पिवळी वायर. दुसऱ्या कार्डातून निळी वायर निघायची, ती पुढं फुटून दोन्ही घरांत जायची. बाहेरचं नेट पिवळ्या वायरीनं आत यायचं, मशीन ते दोन्ही घरांना वाटायचं. सरळ बाजारातला वाय-फायचा डबा लावून पण भागलं असतं. पण राजेश्वरीला कुणाला किती नेट द्यायचं ते आपल्या हातात हवं होतं. तिनं मशीनमध्ये लिहून ठेवलं होतं, की आधी माझं काम, मग बाकीच्यांचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नव्हतं.

महिनाभर ती त्या मशीनच्या मागं लागली होती. आपल्या खोलीतून बघितलं तर मशीनपर्यंत पोचायचं, म्हणजे निळी वायर ठीक. त्याच्यापुढं बाहेर जायचं नाही. मशीन सांगायचं, पिवळ्या वायरीत जीव नाही. नेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडनं हिरवा दिवा हाय. तुमचं तुमी बघा." तिनं संध्याकाळी जावेच्या घरी जाऊन कार्ड बदललं. दोन दिवस झकास चाललं. तिला वाटलं, कार्डच होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा मेलं. मग तिनं वायरीचं टोक कापून नवं बसवलं. पुन्हा चाललं, पुन्हा मेलं. मग वायरच बदलली. प्रत्येक इलाजानं गुण यायचा आणि प्रत्येक गुण चार दिवसांत उतरायचा. एकदोनदा तर संध्याकाळी गेली तेव्हा पिवळी वायर निळीच्या भोकात आणि निळी पिवळीच्या भोकात होती. पोरांनी ओढली असेल, म्हणून तिनं ती सरळ केली आणि खोक्याला मागून चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी पण निघाली.

"साऱ्या जगाची मशीनं ही नीट करती," जयवंताबाई शेजारणीला सांगायच्या, "आणि घरातलं एक हिला ऐकंना."

त्या दिवशी, बशी आदळून अविराज गेला त्या दिवशी, सुदैवानं राजेश्वरीची सुट्टी होती. धुणं वाळत घालताना तिच्या कानावर विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आला, आणि तिचा हात दोरीवर थांबला. नेट गेलं त्या प्रत्येक दुपारी ही मोटार चालू होती. तिला एकदम आठवलं. शेतीला लाईट काही दिवस दिवसा यायची, काही दिवस रात्री. दिवसाची लाईट असली की मोटार चालते, आणि मोटार चालली की नेट जातं. विजेचा दाब कमी होत असेल, मशीनचं कार्ड गपगार होत असेल. शेतीची लाईट वेगळी आणि घरची वेगळी, हे मोटारवाल्याच्या लेकीला कळत नव्हतं असं नाही. पण महिनाभर चाचपडल्यावर माणूस ज्याला धरता येईल त्याला धरतं. तिनं आपल्या खोलीत जाऊन बघितलं. नेट नव्हतं. तिनं दाब मोजायचा मीटर घेतला आणि भर दुपारी पुढच्या दाराला गेली.

दार आतून लावलेलं होतं. आत शालनचा, तिच्या जावेचा, लाडिक आवाज चालला होता. "बघा ताईंनो, ह्याचा काठ बघा, असा काठ तुमाला बारामतीत सुद्धा मिळायचा न्हाय. ज्यांना हवाय त्यांनी पटकन लिवा, एकच पीस हाय, मग म्हणू नका शालनताईनं ठिवला न्हाय..." शालन दुपारी मोबाइल उभा करून साड्या आणि गाऊन विकायची. तेवढा वेळ घरात कुणी शिंकायचं सुद्धा नाही असा दंडक होता.

ओसरीवर जयवंताबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. "थांब जरा," त्या म्हणाल्या, "तिची गिऱ्हाइकं हायती."

"आत्या, माझी पण गिऱ्हाइकंच असतात."

"तुजी दिसत न्हाईत की कुणाला."

राजेश्वरी उभी राहिली. आणि मग मीटर हातात तसाच धरून तिनं नुसता आवाज ऐकला. शालन बोलत होती, मध्येच कुणाचं तरी नाव वाचून हसत होती, भाव सांगत होती. न अडखळता. उसात मोबाइलला रेंज नाही, आणि नेट तर गेलेलं आहे. मग ही बोलते कशावर?

दार उघडलं तेव्हा शालनच्या खांद्यावर तीन साड्या होत्या. कोपऱ्यात मशीन आपलं चालू होतं. पिवळी वायर त्याच्यात नव्हती. ती बाजूच्या खिडकीत ठेवलेल्या, संध्याकाळी तिनं कधी न पाहिलेल्या, दोन शिंगं असलेल्या नव्या पांढऱ्या डब्यात जाऊन बसली होती.

"ही वायर कुणी काढली ताई?"

"कुणी म्हंजी? ह्यांनी," शालन साडीची घडी घालत म्हणाली. "आज तुमचा वार न्हाय की."

"कसला वार?"

शालननं सासूकडं बघितलं. "घ्या! हिला म्हाईतच न्हाय म्हणं."

"ती काय सांगंल," जयवंताबाई म्हणाल्या, "इज्याला बोलव."

विजयसिंह गोठ्यातून आला. हात पुसत, शांतपणे. तो काही वाईट माणूस नव्हता. पोलीस पाटलाच्या पदासाठी दोनदा नाव आलं होतं त्याचं, तोलूनमापून बोलणारा म्हणून. खाटेवर बसला आणि शेताचा हिशेब समजावा तसा समजावू लागला.

"हे बघ राजेश्वरी. दिवसाच्या लायटीचं पाणी अविराजला पायजे होतं, त्याला रातचं दारं धराय जायला नगं वाटतंय. मी म्हणलं घे. रातचं मी बघतो, माझ्याकडं गडी हाय. मग त्याच्या बदल्यात काय? तर दिवसाच्या लायटीचं जे वार असतील त्या वारी दिवसाचं नेट आमचं. हिचा धंदा हाय दुपारचा. आमी दोघं मोटारीवर बसून बोललोय हे. आणि मी शब्दाला फिरलेलो न्हाय. दिवस मावळायला वायर काढून इमानदारीनं तुज्या मशीनला लावतो. एक दिस चुकलो न्हाय."

"कुठल्या भोकात लावता?"

"दोन हायती की. कधी निळीबी सुटती हातासरशी, मग बसंल त्यात दोन्ही."

महिनाभर तिनं ज्याला रोग समजून औषधं केली, तो तिच्या घरातल्या दोन पुरुषांनी मोटारीवर बसून केलेला ठराव होता.

"भाऊजी, नेट म्हणजे विहिरीचं पाणी नाही," ती म्हणाली. "एकानं उपसलं म्हणून दुसऱ्याला कोरडं पडत नाही. दोघांनी एकदम घेतलं तरी पुरतं. म्हणून तर ते मशीन ठेवलंय, वाटायला."

"पुरतं?" शालननं साड्या खाटेवर टाकल्या. "मग तू बोलाय लागलीस की माझं तोंड वासलेलं का अडकून राहतं? बाया लिवत्यात, शालनताई, तुमचा फुटू झाला. निम्म्या जात्यात निघून. तवा कुठं जातं तुजं पुरतं?"

राजेश्वरीनं हातातला मीटर खाली ठेवला. आधी माझं, मग बाकीच्यांचं, हे तिनंच लिहिलं होतं. शालन खोटं बोलत नव्हती.

संध्याकाळी अविराज पाय धुऊन आत आला, तेव्हा तिनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"तुम्ही विकलंत मला," ती म्हणाली.

त्याला कळलं. त्यानं भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. "रातचं एकदा जाऊन बघ दारं धरायला," तो म्हणाला. "बॅटरीच्या उजेडात आपला पाय कुठं पडतोय ते दिसत न्हाय. माळ्याच्या वस्तीवरचा तो साप चावून गेला, त्याला दवाखान्यात नेताना मी होतो गाडीत. माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं. तवापासनं उसात शिरलो की मला पाचट वाजलेलं सुद्धा..." तो थांबला. "पुरुष माणसानं काय सांगायचं कुणाला, भ्या वाटतं म्हणून?"

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस."

"नेटला नाही म्हणाले असते. तुम्हाला नाही."

"एकच झालं की ते," अविराज म्हणाला.

तिला खूप बोलायचं होतं. पण त्याची बोटं भाकरीवर तशीच होती, आणि तिला एकदम दिसलं, की गेल्या महिन्याभरात हा माणूस रात्रीचा गाढ झोपत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो इतका झोपलेला तिनं कधी पाहिला नव्हता. ती उठली आणि आमटी गरम करायला ठेवली.

पण इलाज सापडला म्हटल्यावर राजेश्वरी स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हती. रोग कळला होता, मशीन तिचं होतं. तिनं आपलं आधी माझं, मग बाकीच्यांचं, ते पुसून टाकलं आणि सगळ्यांना सारखं लिहिलं. मग विजयसिंहाला विनवलं, की आता येणाऱ्या दिवसाच्या लायटीला एक दिवस, फक्त एकच दिवस, वायर काढू नका. शालनचं अडकलं तर मी स्वतः काढून तुमच्या डब्यात घालते. त्यानं मान हलवली. एक दिवसच ना, बघू.

त्या दुपारी विहिरीवर मोटार चालू होती, शालन पुढच्या खोलीत साड्या उलगडत होती आणि राजेश्वरी मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून कुठल्या तरी हॉस्पिटलच्या माणसाशी बोलत होती. कुणाचंच काही अडकलं नाही. तिच्या नावापुढचा ठिपका दिवसभर हिरवा राहिला. संध्याकाळी शालन स्वतः मागच्या दाराला आली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. हातात वाटीभर शेंगदाण्याची चटणी.

"बेस चाललं गं आज," ती म्हणाली. "एकदाबी तोंड वासलं न्हाय माझं. आधीच का न्हाय केलंस आसं?"

"ताई, मग आता रोजच असं राहू द्यायचं का?"

"मला काय, राहू दे की. ह्यांना इचार."

राजेश्वरीनं वाटी रिकामी करून, त्यात गुळाचा खडा घालून परत दिली आणि तिच्याबरोबरच पुढच्या घरी गेली. तिच्या मनात आलं होतं, की संपलं. पोरवय असतं तर पळत गेली असती.

विजयसिंहानं सगळं ऐकून घेतलं. मग विचार केला.

"चाललं, ते झ्याक झालं," तो म्हणाला. "पर मला एक सांग. नेट जर दोघांना हमेशा मोकळं, तर मी दिवसाचं पाणी कशाच्या बदल्यात सोडायचं?"

शालननं हातातली वाटी खाली ठेवली.

"न्हाय, मी भांडत न्हाय," तो पुढं म्हणाला. "हिशेब सांगतो. मी काय तरी दिलं, काय तरी घेतलं. आता घेतलेलं जर फुकटातच मिळणार आसंल, तर दिलेलं मागारी घ्यावं लागंल. दिवसाचं पाणी निम्मं निम्मं, रातचं बी निम्मं निम्मं. पहिल्यासारखं. गडी माझा हाय, तो अविराजच्या उसात रातचा जायाचा न्हाय. मग सांग, वायर ठिवू का काढू?"

हे बोलणं सरळ होतं, आणि त्यातच राजेश्वरीला खरा बिघाड दिसला. बिघाड होता तो कार्डात नव्हता, वायरीत नव्हता, भोकात नव्हता. बिघाड होता म्हणून तर तिच्या नवऱ्याला दिवसाचं पाणी मिळत होतं. तो दुरुस्त झाला, तर उसाच्या अंधारात पुन्हा अविराज जाणार होता.

"दुसरी लाइन घेते मी," ती अखेर म्हणाली. "माझ्या नावावर. वेगळी."

"घे की. खांब माझ्या हद्दीत हाय, वायर माझ्या आढ्यावरनं जायाची. आणि तुजी वेगळी लाइन झाली म्हंजी ही सगळी माझीच, मग तरी बदल्यात काय राहिलं? तेच झालं की."

जयवंताबाई म्हणाल्या, "भावाभावात ठरलंय ते बायकांनी मोडू नये. आधीच एक वाटणी बघितलीय मी."

मागच्या खोलीत अविराज तिची वाट बघत उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. भिंत एकच होती. तिनं दिवा लावला नाही. तो जवळ आला, आणि लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यानं तिचा हात हातात घेतला.

"राजेश्वरी," तो म्हणाला, "तू ते नीट करू नगंस."

तिनं हात सोडवून घेतला नाही. तिनं फक्त विचारलं, "आणि माझी नोकरी?"

"बघू की. रश्मीबाईला सांग काहीतरी. तू हुशार हायेस, तुला मिळंल कुठंबी."

त्यानंतर नेहमीचे दिवस गेले. रात्रीच्या लायटीच्या वारी ठिपका हिरवा असायचा आणि ती जीव तोडून काम करायची. सहकाऱ्यांच्या पाळ्या घ्यायची, सुट्ट्या अशा जुळवायची की दिवसाची लाईट आणि ड्यूटी एका दिवशी यायला नको. थोडे दिवस जमलं. लाईटवाल्यांचं वेळापत्रक घरातल्या कुणाला नसेल एवढं तिला पाठ झालं. मग त्यांनी ते मध्येच बदललं.

सकाळी अविराज दाराआडून फावडं उचलायला लागला तेव्हा ती पोहे परतत होती. "आज तर रात्रीची होती ना?" तिनं विचारलं.

"बदललं म्हणं. दिवसाची दिलीय." तो तिच्याकडं न बघता बाहेर पडला.

ती बाराला टेबलापाशी बसली. एका दुकानाचं मशीन अडलेलं होतं, तिकडचा माणूस घाबराघुबरा झालेला. ती त्याला सांगत होती, "थांबा, आधी मला बघू द्या नेट कुठवर येतंय, मशीनला हात लावू नका..." आणि तिचं स्वतःचं नेट गेलं. पडद्यावर त्या माणसाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. भिंतीपलीकडं शालननं घसा साफ केला आणि ती म्हणाली, "नमस्कार माझ्या गोड मैत्रिणींनो!"

राजेश्वरी उठली. मग मोबाइल घेऊन बांधावर गेली. ऊस डोक्याच्या वर गेला होता. एका सरीतून पाणी चाललं होतं आणि लांब, वाफ्याच्या तोंडाशी, अविराज वाकून माती ओढत होता. उन्हात, लख्ख उजेडात, आपले पाय कुठं पडतायत ते बघत. रेंजच्या दोन काड्या आल्या आणि लगेच फोन वाजला.

"लाल झालीस," रश्मी म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "काय सांगू मी वर? पुण्याला येतेस का? एकदा हो म्हण, बाकीचं मी बघते. माझ्याकडं राहा पहिले दोन महिने."

"लेकीची शाळा आहे."

"इथं शाळा नाहीत?"

"आहेत."

"मग?"

राजेश्वरीनं मग काय ते शोधून बघितलं. नवरा रात्री उसात एकटा जाईल, हे फोनवर कसं सांगायचं? आणि सांगितलं, तरी रश्मीला त्यातलं काय कळणार? पुण्यात पाणी नळाला येतं.

"तुझ्या नेटला नक्की झालंय तरी काय?" रश्मीनं विचारलं. "तुला सापडत नाही असं काय आहे त्याच्यात? दुसऱ्यांची मशीनं तर तू बसल्या जागी नीट करतेस."

"सापडलंय," ती म्हणाली. "नीट करता येत नाही."

त्यानंतर दोघी जे बोलल्या त्याला फार वेळ लागला नाही.

दिवस मावळायला विजयसिंह वायर परत लावायला उठायचा. त्या दिवशी त्याच्या आधी राजेश्वरी पुढच्या घरात शिरली. दार उघडंच होतं, शालन चुलीपाशी होती. राजेश्वरी कोपऱ्यात खाली बसली, मशीनला पाठीमागून हात घातला, आणि तिनं दोन्ही कार्डं स्क्रू काढून बाहेर घेतली. पांढऱ्या डब्यातली पिवळी वायर घट्ट बसलीय का बघितलं. मग मागच्या घराकडं जाणारी निळी वायर भिंतीतल्या भोकातून ओढून घेतली आणि तिची गुंडाळी केली. तेवढ्यात विजयसिंह ओसरीवरून आत आला. अविराजही शेतातून येऊन दारात थांबला होता, पाय चिखलानं माखलेले. जयवंताबाईंनी हातातली जपाची माळ खाली ठेवली.

"हे काय करतीस?" विजयसिंहानं विचारलं.

राजेश्वरी उठली, साडीची धूळ झटकली.

"मी नोकरी सोडली," ती म्हणाली. "दुपारीच कळवलंय. लाइन आता सगळी ताईंच्या डब्याला आहे, ती काढायची नाही, घालायची नाही. आमच्या घरात नेट नको. आणि भाऊजी, त्याच्या बदल्यात दिवसाचं पाणी ह्यांचं. सगळं. शब्द तुम्ही दिलाय."